सोडतीच्या आधीचा पेपर

"माझ्या वडिलांचं डोकं कुठाय?"

माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ पेपर उघडून उभे होते. चौथ्या पानावर त्यांच्या वडिलांची श्रद्धांजली छापली होती आणि वडिलांचा चेहरा असायला हवा तिथे काडेपेटीएवढं चौकोनी भोक होतं. त्या भोकातून मला गृहस्थांच्या शर्टाचं बटण दिसत होतं.

"आमच्या गल्लीत सोळा घरं हिंडलो," ते म्हणाले. "एकाही घरात वडील शिल्लक नाहीत. खाली नुसतं 'शोकाकुल' आणि आमची नावं!"

मी खाली मान घालून हसू दाबलं. आमच्या पानं लावणाऱ्या अर्धवटरावांनी काय केलं होतं, तर दिवाळीच्या बक्षीस योजनेचं कूपन तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात टाकलं होतं आणि त्याच्या बरोब्बर पाठीमागे, चौथ्या पानावर, श्रद्धांजलीची जागा होती. गावाने कूपन कापलं की मेलेला माणूस आपोआप कापला जायचा. दीड महिना हे चाललं होतं आणि आमच्या ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्यासुद्धा, आणि मी तर प्रुफं तपासायची.

भाऊसाहेब आतल्या केबिनमधून बाहेर आले. भाऊसाहेब खटावकर म्हणजे 'दैनिक जनटंकार'चे संस्थापक, संपादक, मुद्रक, प्रकाशक, आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत तीनदा पडलेले उमेदवार. त्यांनी भोकाकडे पाहिलं आणि गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, उलट विचार करा! घराघरांत तुमच्या वडिलांना लोकांनी डिंकाने चिकटवून जपून ठेवलंय. दुसऱ्या कुठल्या पेपरात मिळाला असता हा मान?"

मला वाटलं, आता हा माणूस भाऊसाहेबांच्या थोबाडीत देणार. गृहस्थांनी पेपरची घडी घातली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते जाऊ दे. आमचं बारा नंबरचं कूपन फाटलंय, चिकटपट्टी लावली तर चालेल का? आणि पहिलं बक्षीस स्कूटरच ना?"

असं आमचं करंजपूर, आणि असा आमचा पेपर. साल अठ्ठ्याण्णव. मी चोवीस वर्षांची, मराठी घेऊन एम.ए. झालेली आणि नाक कायम वर. वडील बँकेत मॅनेजर होते. लग्न ठरेपर्यंत घरी बसून काय करायचं, म्हणून मी 'जनटंकार'मध्ये लागले होते. बातम्या दुरुस्त करायच्या, प्रुफं वाचायची आणि मनातल्या मनात एकेकाला मूर्ख ठरवायचं, हे माझं काम. त्यातलं शेवटचं मी मन लावून करायची.

योजना साधी होती. वर्षाची वर्गणी भरायची, श्रावणापासून कोजागिरीपर्यंत रोज एक अशी पंच्याहत्तर कुपनं कापून तक्त्यावर चिकटवायची आणि तक्ता ऑफिसात आणून द्यायचा. धनत्रयोदशीला जाहीर सोडत. पहिलं बक्षीस स्कूटर, दुसरं रंगीत टीव्ही, तिसरं पायाने चालवायची शिलाई मशीन, आणि पन्नास जणांना स्टीलचे डबे. खप दुप्पट झाला. जे लोक पेपर दुकानात फुकट वाचायचे ते आता घरी घेऊ लागले आणि वाचायचे बंद झाले, कारण वाचायच्या आधीच घरातलं कुणीतरी कात्री घेऊन बसलेलं असायचं.

भाद्रपदात एक दिवस एक बाई ऑफिसात आली. चाळिशीची, उंच, पदर खोचलेला, गळ्यात अडकवलेली मापाची टेप काढायचीसुद्धा विसरलेली. तिने तक्ता माझ्यापुढे ठेवला.

"एकेचाळीस नंबर बघा. शाई फुटलीय. उद्या तुमची माणसं म्हनतील, ह्यो आकडा दिसत न्हाई, हे चालनार न्हाई."

"चालेल हो," मी मान वर न करता म्हणाले.

"तुम्ही म्हनता चालंल. लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"दुसरं कूपन द्या मग."

"मावशी, एवढ्यासाठी आलात? कुठून आलात?"

"हिंगणदरी. द्वारका भीमराव लोहार. वडापच्या जीपनं आले. मला स्कूटर नको आन् टीव्ही बी नको. मला तिसरं बक्षीस पायजे."

मी हसले. "असं मागून मिळत नसतं. नशिबात असेल ते मिळतं."

"म्हनूनच आकडा नीट पायजे," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच्या मशीनवर शिवते. भाड्यानं घेतलीय. तिची मालकीन कार्तिकात मशीन परत नेनार, तिच्या सुनंला पायजे. मग माझे हात मोकळे. नवरा पुन्याला गेला तो तिकडचाच झाला. पोरगी धाव्वीला हाय. माझं सगळं त्या मशीनवर चालतं, बाई."

मी शिल्लक अंकांच्या ढिगातून एकेचाळीस नंबरचं कूपन कापून तिच्या हातावर टेकवलं. तिने ते उजेडाकडे धरून पाहिलं, माझ्याच टेबलावरचा डिंक घेतला, जुन्या कुपनावर नवं बसवलं आणि मुठीने दाबलं. कडा जराही तिरकी नव्हती. ती गेल्यावर मी वितरण बघणाऱ्या काळोख्यांना तिची नक्कल करून दाखवली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

धनत्रयोदशीच्या सकाळी भाऊसाहेबांनी मला आणि काळोख्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"उद्याच्या दिवाळीच्या अंकाचं पहिलं पान लावून टाका," ते म्हणाले. "मशीनवरची माणसं दुपारी गावाला जातायत. आता चार दिवस छपाई नाही. विजेत्यांची बातमी त्यातच गेली पाहिजे."

"पण सोडत चार वाजता आहे ना?" मी विचारलं.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग काळोख्यांकडे, या पोरीला कुणी काही सांगितलं नाही का अशा नजरेने.

"लिहून घ्या, बारटक्केबाई. पहिलं बक्षीस, निंबाळकर." हे निंबाळकर म्हणजे वर्षभर आमचं शेवटचं पान जाहिरातीने भरणाऱ्या ठेकेदाराचे मेहुणे. "दुसरं, सासवडे." सासवडे म्हणजे भाऊसाहेबांचे साडू. आडनाव वेगळं असलं की नातं दिसत नाही, अशी भाऊसाहेबांची ठाम समजूत होती.

"आणि सोडतीत दुसरंच नाव निघालं तर?"

"निघू दे की. पाहुणे चिठ्ठी काढणार आणि काळोख्यांच्या हातात देणार. काळोखे वाचणार. काय निघालं ते काळोख्यांना माहीत, आणि काळोखे काय वाचणार ते आपल्याला माहीत."

"पाहुण्यांनी वाचली तर?"

"पाहुणे देशमुख गुरुजी आहेत," काळोखे म्हणाले. "आठवड्यापूर्वीच मोतीबिंदू काढलाय. डोळ्यावर हिरवी पट्टी आहे."

पाहुणे कशासाठी निवडले होते ते मला तेव्हा कळलं. काय पण डोकं! एवढी अक्कल पेपर चालवण्यात खर्च केली असती, तर शुद्धलेखनाच्या चुका तरी कमी झाल्या असत्या.

"तिसऱ्याला एक गरीब घाला," भाऊसाहेब म्हणाले. "सगळेच आपले झाले तर लोक बोलतात. बाई असेल तर उत्तम. फोटो चांगला येतो."

"कोण घालू?"

"तुम्हीच बघा कुणीतरी. एवढ्यात काय मला विचारायचं?"

बाहेरच्या खोलीत तक्त्यांची अकरा पोती रचली होती, शिवलेली, तशीच. मला एकही उघडावं लागलं नाही. मी टेबलावर बसले आणि लिहिलं, द्वारका भीमराव लोहार, हिंगणदरी. खरं सांगते, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. एवढ्या चोरांच्या गर्दीत आपण तरी एक चांगलं काम केलं, असं वाटलं. त्या भरात मी बातमी अशी काही रंगवली की विचारू नका. हारतुरे, टाळ्यांचा कडकडाट, विजेत्यांचे भरून आलेले डोळे, मनोगतं, सगळं. सोडतीला अजून सहा तास होते.

साडेबाराला छपाई झाली. भाऊसाहेब स्वतः मशीनपाशी उभे होते. "सोडत होईपर्यंत एक कागद बाहेर जाता कामा नये," ते काळोख्यांना म्हणाले. काळोख्यांनी गठ्ठे खोलीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवली.

चार वाजता नगरवाचनालयाच्या पटांगणात मांडव भरला. व्यासपीठावर स्कूटर, टीव्ही, मशीन, फुलांच्या माळा आणि वर्गणीदारांच्या यादीवरून केलेल्या चिठ्ठ्यांचा मोठा माठ. देशमुख गुरुजींची पट्टी सैल झाली म्हणून ते डॉक्टरांकडे गेले होते, त्यामुळे सगळं खोळंबलं होतं. माइकवर भाऊसाहेब वाचकांना लोकशाहीचं महत्त्व समजावून देत होते. मी फाटकापाशी उभी राहून मनातल्या मनात प्रत्येक वाक्याचं प्रूफ दुरुस्त करत होते.

तेवढ्यात फाटकापाशी वडापची जीप थांबली आणि द्वारकाबाई उतरली. धुतलेलं हिरवं लुगडं, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात पेपर. मला बघताच धावत आली आणि पुडा उघडून माझ्यापुढे धरला.

"घ्या! आधी तुमचं तोंड गोड. त्या दिवशी कूपन तुम्हीच दिलंवतं."

"कशाबद्दल?"

"असं काय करता? नंबर लागला की माझा!" आणि तिने माझ्या तोंडासमोर उद्याच्या तारखेचा 'जनटंकार' उलगडला.

माझी पाचावर धारण बसली. काळोखे तिथेच खुर्च्या मोजत होते. मी त्यांना बाजूला ओढलं.

"काळोखे, डाकेचे गठ्ठे कुठायत?"

डाक आवृत्ती म्हणजे लांबच्या खेड्यांसाठी आदल्या दिवशी दुपारीच एस.टी.वर टाकायचा, दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा पेपर.

"गेले की. एकच्या गाडीने. रोज जातात तसे."

"भाऊसाहेब म्हणाले होते ना, एक कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही?"

"पण ते खेड्यात जातात हो, बाई!" काळोखे म्हणाले. म्हणाले आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. वीस वर्षं हा माणूस रोज तीसेक खेड्यांना पेपर पाठवत होता आणि तिथे तो कुणी उघडून वाचत असेल, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं.

"ती बाई गप्प बसेल असं बघा," एवढं बोलून ते मांडवात पळाले. शूर माणूस!

तोवर द्वारकाबाईची नजर व्यासपीठावर गेली होती. माइकवरून भाऊसाहेब गरजले, "आता काही क्षणांतच, आपल्या सर्वांच्या साक्षीने, सोडत!"

तिने पेपरकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, आणि पुडा बंद केला.

"सोडत व्हायचीय अजून?"

"हळू बोला. इकडे या." मी तिला वाचनालयाच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"मग ह्ये कसं छापलं?"

"ते आम्ही अंदाजे छापतो. तयारी म्हणून." इतकं भिकार खोटं मी आयुष्यात पुन्हा कधी बोलले नाही.

"अंदाजे द्वारका भीमराव लोहार? अंदाजे हिंगणदरी?"

तिने पेपरची घडी घातली आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "'जनटंकारमुळे माझ्या अंधाऱ्या जीवनात दीप उजळला. संपादकांचे हे ऋण मी जन्मभर विसरणार नाही, असे सांगताना श्रीमती लोहार यांना गहिवरून आले.' मी कवा गहिवरले?"

"बातमीत तसं लिहायची पद्धत असते."

"कुनी लिहिलं?"

"मी."

"आन् माझं नाव?"

"तेही मीच घातलं." मला वाटलं, आता तरी ती आभार मानेल. "साहेब म्हणाले, तिसऱ्याला एक गरीब घाला. मला तुम्ही आठवलात."

तिचं तोंड एवढंसं झालं. तिने टाकीचा गळका नळ पिळून बंद केला.

"माझा तक्ता बघितला का कुनी?"

"नाही. पोती उघडलीच नाहीत."

"पंच्याहत्तर दिवस, बाई. एक दिवस पेपर आला न्हाई तर मी शेजारच्या गावाला चालत गेलेवते. पोरगी म्हनायची, आई, देवाच्या मनात असलं तर मिळंल. दुपारी पेपर आला तवा तिनं देवापुढं नारळ फोडला. आता तिला काय सांगू, तुझी आई गरीब म्हनून घातली?"

मांडवातून टाळ्या ऐकू आल्या. गुरुजी आले होते.

"मी ह्यो पेपर वर नेऊन दावला तर काय हुईल?" तिने विचारलं.

"सोडत रद्द होईल. लोक दंगा करतील. मग मशीन कुणालाच मिळणार नाही."

"आन् तुमची नोकरी?"

"गेली तर गेली," मी ताठ्यात म्हणाले. "मला काही या पगाराची गरज नाही. माझे वडील बँकेत मॅनेजर आहेत."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिने पेपरची बारीक घडी केली, पोलक्यात खोचली आणि मांडवाकडे चालू लागली. मी तिच्यामागे. ती काय करणार ते मला कळत नव्हतं.

गुरुजींनी माठात हात घातला, चिठ्ठी काढली आणि काळोख्यांना दिली. काळोख्यांनी निंबाळकर वाचलं. टाळ्या. दुसरी चिठ्ठी. सासवडे. टाळ्या. वाचलेल्या चिठ्ठ्या काळोखे खिशात टाकत होते. शेकडो माणसं समोर बसली होती आणि "ती चिठ्ठी जरा दाखवा" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. प्रत्येकाचं लक्ष पुढचं नाव आपलं येतंय का याकडे. मेंढरं नुसती!

"तिसरं बक्षीस, शिलाई मशीन. द्वारका भीमराव लोहार, हिंगणदरी!"

ती उठली. काळोखे पांढरेफटक पडले. भाऊसाहेबांना काहीच माहीत नव्हतं, ते आनंदाने पुढे धावले. "वा, वा! विजेत्या भगिनी स्वतः हजर आहेत! या ताई, दोन शब्द बोला." त्यांनी माइक तिच्या हातात दिला.

तिने पदर सारखा केला. पोलक्यापाशी हात नेला. मी डोळे मिटून घेतले.

"जनटंकारमुळे माझ्या अंधाऱ्या जीवनात दीप उजळला," ती म्हणाली. सावकाश, खणखणीत, ण ला ण आणि ळ ला ळ. "संपादकांचे हे ऋण मी जन्मभर विसरणार नाही." मग तिने समोरच्या गर्दीत मला शोधलं, माझ्याकडे सरळ बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि खाली ठेवला. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

टाळ्यांनी मांडव दणाणला. भाऊसाहेब व्यासपीठावरून वाकून मला म्हणाले, "बघा बारटक्केबाई, खेड्यातली बाई, पण किती शुद्ध बोलते! हे छापा कधीतरी." ते आधीच छापलेलं होतं. स्वतःचा पेपर वाचायची सवय त्यांना कधीच नव्हती.

हा किस्सा मी पुढे कित्येकांना सांगितला. लग्नानंतर सासरी, मैत्रिणींत, एकदा तर पत्रकारांच्या मेळाव्यात. लोक हसून बेजार होतात. दिवाळीनंतर तीन खेड्यांतून पत्रं आली, सोडतीच्या आधी निकाल कसा लागला म्हणून. भाऊसाहेबांनी ती टराटरा फाडली, हेही मी सांगते. आणि "किती शुद्ध बोलते" या वाक्यावर थांबते, कारण तिथे सगळ्यात मोठा हशा पिकतो.

पण त्या दिवशी मी तिथे थांबले नव्हते. मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेले होते. वडापवाल्याने मशीन टपावर चढवली. द्वारकाबाईने स्वतः दोरी घेतली, चारी बाजूंनी आवळली, गाठ ओढून पाहिली. मी उगाचच दोरीचं एक टोक धरून उभी होते.

"बरं झालं तुम्ही गप्प बसलात," मी म्हणाले. "शहाणपणा केलात."

ती जीपच्या पायरीवर चढली आणि वळली. रागावलेली नव्हती. खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं असावं, तशा आवाजात तिने विचारलं.

"माझं अडलंवतं, म्हनून मी तोंड मिटलं. तुमचं काय अडलंवतं, बाई?"

मी हातातलं दोरीचं टोक सोडलं. वडापवाल्याने अजून दोन माणसं कोंबली आणि जीप गेली.

मी ऑफिसात परत आले. भाऊसाहेब सगळ्यांना दिवाळीचे मिठाईचे पुडे वाटत होते. मी माझा घेतला आणि घरी गेले. 'जनटंकार'मध्ये त्यानंतर मी आणखी चार वर्षं होते.